जुन्या भावांची साक्ष

बारामतीच्या पेठेंत गुळाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथील एखाद्या जुन्या घरांत आजोबांची वही सांपडली आणि तींत गुळाचा भाव दर मणास अमुक रुपये असा लिहिलेला दिसला, तर शहाणा नातू तो आंकडा उचलून आजच्या क्विंटलच्या भावाशेजारीं ठेवणार नाहीं. मण म्हणजे सुमारें ३७ किलो आणि क्विंटल म्हणजे १०० किलो, हें तो प्रथम ध्यानांत घेईल. माप एक केल्यावांचून भावाची तुलना होत नाहीं, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच नातू एखाद्या कंपनीच्या शेअरचा दहा वर्षांपूर्वींचा भाव आणि आजचा भाव समोरासमोर मांडतो आणि "दुप्पट झाले" किंवा "अर्धे बुडाले" असा निकाल देऊन मोकळा होतो. गुळाच्या बाबतींत सुचणारा विवेक शेअरच्या बाबतींत कां सुटावा?

बारामती-इंदापूरच्या मुलखाला शेअर ही वस्तु परकी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत नीरा डाव्या कालव्याचें पाणी या बाजूस आलें आणि माळरानावर ऊंस उभा राहिला. १९३२ सालीं देशी साखरेला जकातीचें संरक्षण मिळालें; त्याच दशकांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या शिवारीं साखर कारखाना उभारला. भोंवतीं वसलेल्या गांवाला त्यांचेंच नांव पडलें. या उद्योगामागील कंपनी मूळची मार्सलंड प्राइस, १९०८ सालीं नोंदलेली. तीच पुढें वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. साखरेपासून निघालेली ही कंपनी यंत्रें घडवूं लागली आणि भारतीय अग्निबाणांच्या मोटर-कवचांपर्यंत जाऊन पोंचली. इकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत भारत फोर्जचा कारखाना आला आणि आय. एस. एम. टी. या कंपनीचा बिनसांध्याच्या नळ्यांचा कारखानाही चालूं लागला. या गांवांतील पुष्कळ घरांतून अशा कंपन्यांचे थोडेबहुत शेअर पडून असावेत, यांत नवल नाहीं.

समजा, आयुष्यभर कारखान्यांत नोकरी केलेल्या एका गृहस्थाच्या पश्चात् त्याच्या ट्रंकेंत या तीन कंपन्यांचीं प्रमाणपत्रें निघालीं. थोरल्या मुलानें जमीन घ्यावी आणि धाकट्या बहिणीनें हे कागद घ्यावेत, अशी घरांत बोलणीं सुरू झालीं. दादा जुनीं वर्तमानपत्रें काढून भाव वाचूं लागला. ताई ऐकत राहिली. येथें हिशेब चुकला, तर चूक कागदावर राहत नाहीं. ती भावाबहिणींच्या मनांत अढी होऊन बसते. म्हणून जुना भाव वाचण्याची रीत समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम भाव म्हणजे काय तें पाहावें. विशिष्ट दिवशीं एक विकणारा आणि एक घेणारा यांचें ज्या रकमेवर एकमत झालें ती रक्कम म्हणजे भाव. कंपनीच्या इमारतींचें किंवा यंत्रांचें तें मोजमाप नव्हे. बाजाराच्या तक्त्यांत प्रत्येक दिवसापुढें पांच आंकडे असतात: उघडता भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, बंद होतांनाचा, आणि त्या दिवशीं किती शेअर हातोहात झाले ती संख्या. बंद भाव हा शेवटल्या एकाच सौद्याचा असतो असें नाहीं. अखेरच्या अर्ध्या तासांतील सौद्यांची सरासरी काढण्याची रीत पुष्कळ वर्षें चालत आली आहे. पांचव्या रकान्याकडे बहुतेकांची नजर जात नाहीं. वस्तुतः ज्या दिवशीं हजारों शेअर विकले गेले त्या दिवशींचा भाव ही पंचाईतीची साक्ष, तर ज्या दिवशीं दहावीसच विकले गेले त्या दिवशींचा भाव ही वाटसरूची साक्ष, एवढा फरक त्यांत असतो.

आतां माप बदलण्याचा प्रकार. भारत फोर्जनें २०१७ सालीं भागधारकांना एका शेअरला एक याप्रमाणें बोनस शेअर दिले. समजा, बोनसपूर्वीं भाव १,१०० रुपये होता आणि वडिलांजवळ १०० शेअर होते. म्हणजे ऐवज १,१०,००० रुपयांचा. बोनसानंतर शेअर २०० झाले. भाव साहजिकच ५५० च्या आसपास आला. ऐवज तेवढाच राहिला. एका भाकरीचे दोन तुकडे केल्यानें भाकर वाढत नाहीं आणि घटतही नाहीं. परंतु ज्याला बोनसाची वार्ता नाहीं, तो वहींतील १,१०० आणि नंतरचे ५५० पाहून कंपनी बुडाली असें समजेल. दर्शनी मूल्य फोडून एका शेअरचे पांच किंवा दहा केले, तरी हाच न्याय. म्हणून जुना भाव आजच्या मापांत आणावा लागतो: एकास एक बोनस असेल तर मागील सर्व भावांना दोहोंनीं भागावें, एकाचे पांच केले असतील तर पांचांनीं. कांहीं तक्ते असे दुरुस्त केलेले असतात, कांहीं मूळचेच असतात. कोणता तक्ता हातीं आहे हें विचारल्यावांचून पहिला आंकडाही वाचूं नये.

यांतच आणखी एक घरगुती धोका दडलेला आहे. ट्रंकेंतील प्रमाणपत्रावर १०० हा आंकडा आहे, म्हणून शेअर १०० च आहेत असें धरून वांटणी केली, आणि बोनसाचे १०० शेअर दुसऱ्या कागदावर किंवा डीमॅट खात्यांत पडून असले, तर एकाचा अर्धा हिस्सा न कळत नाहींसा होतो. तेव्हां भावाच्या इतिहासाबरोबर शेअरच्या संख्येचाही इतिहास कंपनीच्या निबंधकाकडून मागवावा.

तिसरी कंपनी वेगळाच धडा शिकविते. आय. एस. एम. टी. चा भाव आज शोधूं गेल्यास तो २०२४ सालीं एकाएकीं थांबलेला दिसतो. अजाण माणूस म्हणेल, हे कागद रद्दी झाले. खरी गोष्ट अशी कीं, २०२२ सालीं किर्लोस्कर फेरस इंडस्ट्रीजनें या कंपनींतील बहुमताचा हिस्सा घेतला आणि २०२४ सालीं ती कंपनी स्वतःत विलीन करून घेतली. आय. एस. एम. टी. च्या दर १०० शेअरांस किर्लोस्कर फेरसचे १७ शेअर, असें प्रमाण ठरलें. अर्थात् ज्याच्याजवळ १,००० होते त्याला १७० मिळावयाचे. जुन्या भावाची तुलना करावयाची, तर आय. एस. एम. टी. चे ३४ रुपये म्हणजे किर्लोस्कर फेरसचे २०० रुपये, असें तें त्रैराशिक आहे. मालिका थांबली म्हणजे मालमत्ता संपली असें नव्हे. याच्या उलट, खरोखरच बुडालेल्या कंपन्यांचे भाव आजच्या यादींत दिसतच नाहींत; म्हणून केवळ जिवंत कंपन्यांचे जुने भाव पाहून "शेअर म्हणजे सदैव वाढच" असा सिद्धांत बांधणें हें रणांगणावरून परत आलेल्यांनाच मोजून युद्ध निर्धोक ठरविण्यासारखें आहे.

लाभांशाची गोष्टही भावाच्या तक्त्यांत येत नाहीं. लाभांशाचा हक्क सुटतो त्या दिवशीं भाव सामान्यतः तितक्या रकमेनें उतरतो. तो पैसा मात्र भागधारकाच्या पदरीं पडलेला असतो. दहा वर्षांत भाव १०० वरून १५० झाला आणि दरसाल तीन रुपये लाभांश आला, तर मिळकत ५० ची नसून ८० ची आहे. महागाईचा विचार याच्या उलट बाजूनें करावा. दहा वर्षांत रक्कम दुप्पट होणें म्हणजे दरसाल शेंकडा सुमारें ७.२ ची वाढ. वीस वर्षांत दुप्पट होणें म्हणजे अवघी ३.५ ची. दुसरी वाढ महागाईनें सहज गिळून टाकली असेल.

तुलनेचा आरंभ कोठून धरला यावरही निकाल फिरतो. मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स १९७८-७९ सालीं १०० धरलेला आहे. तो जानेवारी २००८ मध्यें २१,००० च्या वर चढला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस ९,००० च्या खालीं आला. "वडिलांनीं जानेवारींतच विकायला हवे होते," असें दादा म्हणेल. पण तें शिखर होतें हें शिखरावर असतांना कोणास कळलें होतें? १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपली आणि कापसाचा भाव कोसळला; त्याबरोबर मुंबईंतील कंपन्यांचे शेअरही कोसळले. त्याच्या आदल्या वर्षाचे भाव ज्यांनीं पाहिले होते त्यांना चढच दिसला होता. जुना भाव साक्षीदार आहे, ज्योतिषी नव्हे.

तरी या साक्षीदाराचा एक रोकडा उपयोग आहे, आणि तो प्राप्तिकराच्या वेळीं होतो. वारशानें आलेला शेअर विकल्यास खरेदीची किंमत वडिलांचीच धरली जाते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या, बाजारांत नोंदलेल्या शेअरांच्या बाबतींत मात्र त्या दिवशींचा सर्वांत वरचा भाव खरेदीच्या किंमतीऐवजीं धरतां येतो. तो विक्रीच्या रकमेहून अधिक मात्र धरतां येत नाहीं. समजा, वडिलांनीं ४० रुपयांस घेतलेल्या शेअरचा त्या दिवशींचा उच्चांक २०० होता आणि ताईनें तो २६० ला विकला. तर कराच्या हिशेबीं नफा २२० नसून ६० च आहे. जुन्या तक्त्यांतील एका ओळीनें एवढा फरक पडतो. त्या तारखेनंतर शेअर फोडले गेले असतील किंवा बोनस मिळाला असेल, तर हा हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा.

या दोन्ही शेअरबाजारांचे म्हणजे मुंबई व राष्ट्रीय बाजाराचे जुने भाव त्यांच्या संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. त्याकरितां दलालाचें घर गांठण्याची गरज नाहीं. दादानें आणि ताईनें एके दुपारीं शेजारीं बसून चार प्रश्न विचारावेत: शेअर आज किती आहेत, जुना भाव आजच्या मापांत किती होतो, मधल्या काळांत लाभांश किती आला, आणि तेवढ्याच काळांत एकंदर बाजार किती चढला. वांटणी ठरवावयाची ती आजच्या भावानें. जुना भाव फक्त वडिलांचा व्यवहार समजून घेण्यासाठीं आणि कर भरण्यासाठीं. आजोबांच्या वहींतला मण ज्यानें किलोंत मांडला, त्याला हें अवघड नाहीं. आणि एवढें झाल्यावर वडिलांनीं तेव्हां विकावयास हवें होतें कीं नको, हा वाद बहुधा आपोआपच मिटतो.