मूठ आणि चेंडूची वाट

व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, साहित्यावर बोलावे, पाण्याच्या नि शेतीच्या प्रश्नांवर बोलावे. बॅट कशी धरावी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्यात तरी मुठीचा विषय परका वाटू नये. ऊस जमिनीलगत, बुडख्यातून तोडावा लागतो. खालच्या कांड्यांत साखर अधिक, आणि मजुरी मिळते ती टनावर. मूठ जरा फिरली की पाते मातीत रुतते किंवा वर सरकते आणि खुंट मागे राहतो. तोडणारा मनगटाच्या कोनाचा हिशेब मांडत नाही; पण त्याच्या हाताला तो ठाऊक असतो. हत्याराचे तोंड कोठे वळणार, हे पुष्कळसे घाव घालण्यापूर्वीच मुठीने ठरवलेले असते. खेळाचेही तसेच आहे.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती गोल्फमध्ये. हा खेळ आपल्याकडे थोड्यांनीच पाहिलेला असेल. परंतु तो महाराष्ट्राला अगदी अपरिचित नाही. मुंबईत चेंबूरचा क्लब १९२७ सालचा आहे, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकात पुण्याचे उदयन माने भारतातर्फे गोल्फ खेळले. या खेळात चेंडू जागेवर स्थिर असतो. गोलंदाज नाही, टप्पा नाही, वळण नाही. तेव्हा चेंडू वाकडा गेला तर दोष बहुधा आपल्या हातांचाच.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे उदाहरण घेऊ. फटका मारताना काठी वेगाने खाली येते, आणि चेंडूला भिडण्याच्या क्षणी हात आपल्या स्वाभाविक स्थितीकडे परततात. आता समजा, खेळाडूने आरंभीच दोन्ही हात दांड्यावर उजवीकडे फिरवून धरले. परतताना ते डावीकडे वळतील आणि काठीचे तोंडही बरोबर वळवतील. चेंडू डावीकडे जाईल. याच्या उलट, हात डावीकडे फिरवून धरले तर तोंड उघडे राहील आणि चेंडू उजवीकडे जाईल. चेंडू निघताना कोणत्या दिशेने निघतो, हे मुख्यतः काठीच्या तोंडावर अवलंबून असते. काठीच्या हालचालीची दिशा एक आणि तोंडाची दुसरी, असे झाले की चेंडूला तिरकी गिरकी मिळते आणि तो हवेत वळत जातो. गिरकीमुळे चेंडूच्या एका बाजूची हवा अधिक वळवली जाते व चेंडू उलट बाजूस ढकलला जातो. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फच्या चेंडूच्या गिरकीचा गणिताने अभ्यास केला होता.

फरक किती पडतो? काठीचे तोंड केवळ ५ अंशांनी वळले आणि चेंडू त्याच दिशेने सरळ गेला, तरी २०० मीटरवर तो नेमापासून सुमारे १७ मीटर दूर पडतो. म्हणूनच बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ मध्ये आपले पाच धड्यांचे पुस्तक लिहिले, तेव्हा पहिला धडा मुठीचा ठेवला. त्याचा चेंडू वारंवार डावीकडे वळून जात असे; मूठ पालटून त्याने त्याला आवर घातला.

आता आपल्या परिचयाच्या क्रिकेटकडे येऊ. येथे चेंडू स्थिर नसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो. एवढ्या वेळात मूठ सुधारणे शक्य नाही. ती आधीच ठीक असावी लागते. जुना धडा सोपा आहे: बॅट तोंड खाली करून जमिनीवर ठेवावी आणि कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलावी. दोन्ही हातांच्या अंगठा व तर्जनी यांमधील खाचा एका ओळीत येतात. ती ओळ बॅटच्या पाठीचा कणा आणि बाहेरची कड यांच्या दरम्यान पडते. वरचा हात मार्गदर्शक, खालचा हलका. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने खालचा हात घट्ट आवळला, की बॅटचे तोंड लवकर मिटते. चेंडू ऑनला जातो, किंवा कडेला लागून वर उडतो. तोंड फार उघडे राहिले, तर स्लिपचे क्षेत्ररक्षक वाटच पाहत असतात.

मुठीची उंचीही महत्त्वाची. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाशी धरली तर घाव जोराचा पडतो. पात्याजवळ धरली तर जोर कमी, पण नेम आटोक्यात राहतो. बॅटचेही हेच.

मग पुस्तकातील मूठ सर्वांवर लादावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. डॉन ब्रॅडमन लहानपणी गोल्फचा चेंडू टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर आपटून स्टंपने मारण्याचा सराव करीत. त्यांची मूठ रूढ पद्धतीपेक्षा वळलेली होती, उभे राहताना बॅटचे तोंड मिटलेले दिसे. पण त्यामुळे आखूड चेंडू ओढून मारताना तो जमिनीलगत राही. त्यांची कसोटी सरासरी ९९.९४ आहे. सचिन तेंडुलकर थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटने खेळू लागले, म्हणून दांडा खाली धरण्याची सवय लागली. आचरेकर सरांनी ती बदलून पाहण्यास सुचवले. नवी मूठ सोयीची वाटेना, तेव्हा जुनीच राहिली. त्यांच्याच नावावरून ज्याचे नाव ठेवले, त्या बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनी येथे, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ अशा बिकट अवस्थेतून डाव सावरताना ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या.

आपल्या गावोगावच्या शाळांत पुष्कळ मुले मोठ्यांची टाकलेली बॅट घेऊन खेळतात. त्यांची मूठ वेडीवाकडी दिसली की कोणीतरी हात धरून ती 'सरळ' करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला चेंडू लागेनासा होतो. असे करण्यापूर्वी शिक्षकांनी व पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बॅट मुलाच्या उंचीला शोभते का आणि दांड्यावरचे रबर त्याच्या पंजाला फार जाड तर नाही ना. दुसरी, चेंडू कोठे जातात. ते एकाच बाजूला पुनःपुन्हा चुकत असतील तरच मुठीला हात लावावा. तिसरी, बदल एका वेळी एकच करावा, आणि तोही थोडाच. नवी मूठ प्रथम सर्वांनाच परकी वाटते. म्हणून एका दिवसात निकाल देऊ नये, आठवडाभर चेंडूची वाट पाहून मगच तो द्यावा. चेंडू हवा तेथे जात असेल, तर मूठ डोळ्यांना कशी दिसते याची चिंता सोडून मुलाला खेळू द्यावे.