तरतमभाव आणि तारतम्य : इंग्रजी विशेषणांच्या संदर्भात

इंग्रजी विशेषणांच्या मूल, तर आणि तम या तीन अवस्था शालेय व्याकरणात तक्त्याच्या रूपाने शिकविल्या जातात. ‘स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट’ अशी ही चढती श्रेणी यांत्रिक भासते; भाषांतराच्या प्रसंगी मात्र ती तशी राहत नाही.

प्राचीन इंग्रजीत ही रूपे मुख्यतः प्रत्ययाने सिद्ध होत. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ यांची योजना मध्ययुगीन इंग्रजीत रुळली. आज निवड बहुतांशी शब्दाच्या लांबीवर ठरते. त्यामुळे पर्यायशब्द बदलताच रूपही बदलते. ‘काइंड’चे ‘काइंडर’ होते, परंतु त्याच अर्थच्छटेच्या ‘बेनेव्होलंट’ला ‘मोअर’ची जोड लागते. ‘ब्रेव्ह’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला असूनही आखूड असल्याने प्रत्यय घेतो. काही ठिकाणी दोन रूपे दोन अर्थ वाटून घेतात : ‘ओल्डर’ म्हणजे वयाने मोठा, तर ‘एल्डर’ हे प्रायः नात्यातील ज्येष्ठत्व दर्शविते. मराठीतील ‘थोरला’ हा त्याचा नेमका पर्याय होय.

‘स्वीटेस्ट’मधील प्रत्यय आणि संस्कृतातील ‘इष्ठ’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘स्वादिष्ठ’ हे मुळात तमवाचक रूप. मराठीत ‘स्वादिष्ट’ होऊन ते केवळ रुचकर या अर्थी उरले. ‘श्रेष्ठ’ या शब्दाचेही तसेच झाले. तमभाव झिजला की भाषा त्यावर दुसरा तमभाव चढविते. ‘श्रेष्ठतम’ हे रूप यजुर्वेदाइतके जुने आहे. ‘सर्वश्रेष्ठ’ आपण नित्य वापरतो. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये अँटनीच्या भाषणात ‘मोस्ट’ आणि प्रत्यय एकाच विशेषणाला जोडलेले आढळतात. रॉबर्ट लाउथ याने 1762 च्या आपल्या व्याकरणात अशी दुहेरी रूपे अशुद्ध ठरविली. तथापि भाषेच्या प्रवृत्तीच्या दृष्टीने ती अपवादात्मक म्हणता येत नाहीत.

खरी अडचण समीक्षेच्या भाषांतरात उद्भवते. इंग्रजी समीक्षक ‘ग्रेट’, ‘ग्रेटर’ आणि ‘ग्रेटेस्ट’ असे तीन भिन्न दावे करतो. मराठीत तिन्हींसाठी ‘श्रेष्ठ’ हा एकच शब्द योजिला जाण्याचा संभव असतो. दोन कवींपैकी एकाला दिलेले सापेक्ष झुकते माप अशा वेळी निरपेक्ष गौरव बनते आणि तुलनेतील दुसरा कवी वाक्यातून नाहीसा होतो. मराठी विशेषणाला तरवाचक प्रत्यय नसला, तरी ‘पेक्षा’, ‘हून’ आणि ‘या दोहोंत अधिक’ ही साधने आहेत. त्यांचा लाभ असा की ‘कोणापेक्षा?’ या प्रश्नाचे उत्तर ती वाक्यातच मागतात.

‘तारतम्य’ हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ यांपासूनच घडला आहे. तौलनिक अभ्यासाने तो विवेक या रूढ अर्थाबरोबरच त्याच्या मूळ व्याकरणिक अर्थानेही पाळावा, हे युक्त होय.