टीमवर भरवसा नसेल तर काम कोण करते?

कुरखेडा तालुक्यातील कोणत्याही गावात १४ एप्रिलच्या तयारीची बैठक पाहा. "सगळे मिळून करू" असे ठरते आणि वर्गणी, मंडप, माईक, जेवण हे सारे शेवटी दोन कार्यकर्त्यांच्या अंगावर पडते. मग आपण म्हणतो, पोरांना तळमळ नाही. आमच्या मते, तळमळीपेक्षा एकमेकांवरचा भरवसा कमी पडतो.

फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ जण एकत्र ओढत असताना प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर आला होता. ताळमेळ नसल्याने काही जोर वाया जातो, हे खरे. पण १९७४ च्या प्रयोगात डोळे बांधलेल्या एकट्या माणसाला मागे इतर ओढताहेत असे भासवले, तरीही त्याचा जोर घटला. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला की ही ढिलाई जाते, असे नंतर दिसले. तेंदूच्या हंगामात फळीवर ज्याचे पुडे त्याच्या नावावर लागतात. तिथे कोण अंग चोरतो?

दुसरी बाजू १९९१ च्या एका अभ्यासात आली. काम मोलाचे वाटत असेल आणि सोबत्यांकडून ते होणार नाही असे वाटले, तर माणूस उलट जास्त राबतो. हाच आपला 'सगळे मीच करतो' म्हणणारा कार्यकर्ता. त्याचे काम चोख असते, पण तो दोन-तीन वर्षांत थकतो आणि तोवर बाकीच्यांना कळून चुकलेले असते की आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या मते 'आपल्याला मिळून जमते' ही खात्री मुख्यतः आधी जमलेल्या कामातून येते. भाषणाने ती फार वाढत नाही. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) पाहा. तिथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. वेळ लागतो, पण 'तो त्यांचा निर्णय होता' म्हणायला कुणाला जागा उरत नाही. अभ्यासगट आणि ग्रामसभा अनेक वर्षे चालल्यावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

म्हणून नव्या पोरांना पहिल्याच बैठकीत जयंतीचा अख्खा भार देऊ नका. विहारातील पुस्तकांची यादी करणे, एवढेच एका रविवारचे काम द्या. कपाट कुणाचे, वही कुणाची, हे नावानिशी लिहा. आणि यादी अर्धवट राहिली, तरी जुन्या कार्यकर्त्याने ती स्वतः पूर्ण करायला बसू नये. पुढच्या रविवारी त्याच पोराला विचारावे.