आकाशाची वजाबाकी

नवी दिल्लीच्या संसद मार्गावर जयपूरनरेश सवाई जयसिंह यांनी १७२४ च्या सुमारास उभारलेली जंतरमंतर ही वेधशाळा आहे. दुर्बिणीविना, केवळ दगडी यंत्रांच्या साहाय्याने तेथे सूर्य, चंद्र व ताऱ्यांची स्थिती मोजली जात असे. आज त्याच परिसरात रात्री मान वर केली, तर दिव्यांचा झगमगाट आणि धुरकट हवा यांतून मोजकेच तारे डोळ्यांस पडतात. तरीही नवे धूमकेतू आणि अतिनवतारे, म्हणजेच सुपरनोव्हा, शोधण्याच्या आधुनिक मोहिमेशी या महानगराचे नाते आहे.

कुरुंदवाड ते पालोमार

डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे बालपण हुबळीत गेले. १९७८ साली दिल्लीच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी संपादन करून ते अमेरिकेस गेले. बर्कले येथे विद्यार्थिदशेतच, १९८२ साली, सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या शोधात त्यांचा सहभाग होता. पुढे कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर त्यांनी २००९ मध्ये एक आकाश-सर्वेक्षण सुरू केले. त्याची सुधारित आवृत्ती म्हणजे २०१८ पासूनचे ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’, अर्थात ‘झेडटीएफ’ होय. २०२४ साली डॉ. कुलकर्णी यांना प्रतिष्ठेचा शॉ पुरस्कार देण्यात आला.

शिल्लक राहील ते नवे

या सर्वेक्षणाची रीत दिवसअखेरीस हिशेब जुळविणाऱ्या बँक कर्मचाऱ्यास परिचित वाटावी अशीच आहे. १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील कॅमेरा एका छायाचित्रात शेकडो पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश टिपतो. आजच्या चित्रातून त्याच भागाचे जुने चित्र संगणक वजा करतो. स्थिर तारे परस्परांस छेदतात आणि बाकी उरते ती नव्याने उजळलेली वा जागा बदललेली वस्तू.

येथे वेळेचे मोल फार मोठे असते. २४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षींच्या परिसरातील एम-१०१ या दीर्घिकेत पहिल्या सर्वेक्षणाला एक अतिनवतारा गवसला. त्याचा प्रकाश सुमारे २ कोटी १० लाख वर्षे प्रवास करून आला होता. परंतु स्फोटाचे दृश्य पृथ्वीवर पोहोचू लागल्यापासून अवघ्या ११ तासांच्या आसपास तो टिपला गेला. त्या आरंभीच्या प्रकाशामुळेच फुटलेला तारा आकाराने अत्यंत लहान, म्हणजे श्वेत बटू होता, याचा सबळ पुरावा मिळाला. शोध आठवडाभर लांबता, तर तो पुरावा कायमचा हातचा गेला असता.

२ मार्च २०२२ रोजी झेडटीएफने एक धूमकेतू टिपला. प्रथम तो लघुग्रह असावा असे वाटले. हिरवट छटेचा हा पाहुणा १ फेब्रुवारी २०२३ रोजी पृथ्वीपासून सुमारे ४ कोटी २० लाख किलोमीटरवरून गेला. तो यापूर्वी आला होता सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी!

घरबसल्या आकाश

भारतातही लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ७० सेंटीमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून अशा क्षणभंगुर घटनांचा पाठपुरावा करीत आहे.

याहून दिलासादायक बाब म्हणजे यांतील बरीचशी माहिती सर्वांना खुली आहे. सूर्याचा वेध घेण्यासाठी १९९५ साली सोडलेल्या ‘सोहो’ या अंतराळयानाच्या छायाचित्रांत मार्च २०२४ मध्ये ५,००० वा धूमकेतू सापडला. यांपैकी बहुसंख्य धूमकेतू हौशी अभ्यासकांनी आपापल्या घरी संगणकावर ती छायाचित्रे न्याहाळून शोधले आहेत. दिल्ली, नोएडा वा गुरुग्रामच्या एखाद्या सदनिकेतील विद्यार्थ्याला गच्चीवरून आकाशगंगा दिसणार नाही. पण ज्या चित्रांत नवा धूमकेतू दडलेला असतो, ती चित्रे त्यालाही उपलब्ध आहेत. चिकाटी मात्र त्याची स्वतःची हवी.