कुंभार-मित्राचीं भांडीं

कलेचा संग्रह म्हटला म्हणजे मूर्ति, चित्रें, जुनीं नाणीं डोळ्यांपुढें येतात. मातीचें भांडें येत नाहीं. तें स्वस्त व फुटणारें, म्हणून त्याची गणना कलेंत होत नाहीं. खानदेशांत या समजुतीचा फोलपणा सहज पटतो.

येथील खापरच पाहा. पुरणाचे मांडे भाजण्यासाठीं तें पेटत्या चुलीवर पालथें घालतात. एवढी आंच सोसूनही तें तडकत नाहीं, याचें कारण कुंभाराची मातीची जाण होय. निव्वळ चिकण माती वाळतांना भेगाळते. म्हणून तो तींत राख व लीद मिसळतो. आव्यांत लीद जळून जाते, तिच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात आणि तापल्यानें येणारा ताण त्यांमुळें सोसला जातो. आखाजीला पितरांच्या नांवें पुजली जाणारी घागरही अशीच सच्छिद्र. झिरपलेलें पाणी बाहेर उडून जातें व आंतलें गार राहतें.

हें कौशल्य येथें फार जुनें आहे. गिरणाकाठच्या बहाळ येथें १९५२-५३ सालीं व तापीकाठच्या प्रकाशें येथें १९५४-५५ सालीं उत्खनन झालें, तेव्हां ताम्रपाषाणयुगांतील रंगीत भांडीं हातीं आलीं. त्या काळच्या एका प्रकारास तापीकाठच्या सावळदा गांवाचें नांव मिळालें आहे. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या त्या भांड्यांवर बाणांचीं अग्रें, मासे व पक्षी रेखाटलेले आढळतात. गांवाचें नांव राहिलें. घडविणाऱ्याचें मात्र कायमचें हरपलें.

ही उणीव आतां भरून येणार नाहीं. परंतु आजचा कुंभार ज्याचा स्नेही आहे, त्या संग्राहकास पुढची उणीव टाळतां येते. धुळें येथें १९२७ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. कागद कोणाचा, कोठला, केव्हांचा, हें कळल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं, हें इतिहासाचा प्रत्येक अभ्यासक जाणतो. तोच न्याय मडक्यास लावावा. घडविणाऱ्याची अनुमति घेऊन त्याचें नांव, गांव, साल, माती व भांड्याचा उपयोग हीं टिपून ठेवावीं.

वालोड येथें १९३४ सालीं जन्मलेले गुजराथी चित्रकार हकु शाह यांनीं हीच वाट धरली. आदिवासी देवस्थानांस वाहिल्या जाणाऱ्या मातीच्या घोड्यांचा त्यांनीं अभ्यास केला व अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठांत आदिवासी संग्रहालय उभारलें. अशा संग्रहांत एक मर्यादा मात्र पाळावी. देवास वाहिलेला घोडा उचलूं नये. ऊनपावसांत झिजून मातीस मिळणें हेंच त्याचें सार्थक होय. हवा असल्यास कुंभाराकडून नवा घडवून घ्यावा.

मैत्रीच्या नांवाखालीं घासाघीसही करूं नये. दोन खापरें घ्यावींत. एक फळीवर ठेवावें, दुसरें चुलीवर चढवावें. तें झिजलें म्हणजे मित्राकडे पुन्हा जावें. फळीवरील भांड्यानें कलेची आठवण राहील. चुलीवरील भांड्यानें कुंभाराचें चाक फिरतें राहील.