हलक्या नाण्याची पत

यादवी युद्ध पेटलेल्या अमेरिकेत १८६१ संपता संपता बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. पुढच्या वर्षी सरकारने युद्धखर्चासाठी सोन्याचा आधार नसलेल्या नोटा छापल्या. त्यांचा भाव घसरला, तशी चांदीची नाणीही बाजारातून नाहीशी झाली. नाण्यातली चांदीच जास्त मोलाची, तर ते खर्चणार कोण? अखेर तांबं-निकेलचा सेंटसुद्धा लोक दाबून ठेवू लागले. टपाल तिकिटं मोड म्हणून चालवून पाहिली, पण ती हाताला चिकटत, फाटत. तेव्हा न्यूयॉर्क, सिनसिनाटीसारख्या शहरांतल्या दुकानदारांनी आपल्या नावाची, सेंटएवढी टोकनं पाडून घेतली. अशी सुमारे अडीच कोटी टोकनं निघाली असावीत, असा अंदाज आहे.

ही दुकानदारांनी केलेली लूट होती, असं कुणी म्हणेल. टोकनातला धातू दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त होता आणि मधला नफा दुकानदाराचा, हे खरंच. पण तो स्वस्तपणाच टोकनाच्या कामी आला. जे वितळवून किंवा दडवून काहीच मिळत नाही, ते माणूस खर्चून टाकतो; म्हणून टोकन फिरत राहिलं. शिवाय ते देणारा दुकानदार रोज समोर असे. स्वतःचंच टोकन नाकारलं, तर गिऱ्हाईक तुटायची भीती त्यालाच होती.

मात्र ही पत ओळखीपुरतीच होती. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअर-विक्रेत्याने दहा लाखांहून अधिक टोकनं काढली. थर्ड ॲव्हेन्यू रेलरोड या ट्राम कंपनीकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग साचला, पण ती वटवून द्यायला त्याने नकार दिला आणि कंपनीला काही करता आलं नाही, असं सांगतात. जून १८६४ मध्ये सरकारने खासगी नाण्यांवर बंदी घातली. म्हणजे टोकनांचा प्रयोग फसला, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण त्याआधीच, २२ एप्रिलच्या कायद्याने, सरकारने स्वतःचा सेंट टोकनांसारखाच पातळ आणि ब्राँझचा केला. त्याचं वजन ४.६७ ग्रॅमवरून ३.११ ग्रॅमवर आलं. दहा सेंटपर्यंतच्या देण्यात तो नाकारता येणार नाही, असंही ठरवलं. म्हणजे सरकारने हलकं नाणं दुकानदारांकडून उचललं आणि त्यांना देता न आलेली हमी त्याला जोडली. सुट्या पैशाला मौल्यवान धातूची गरज नसते. अनोळखी माणसानेही तो मुकाट्याने घ्यावा, एवढी व्यवस्था त्याच्या पाठीशी लागते.