संघटनेची मान्यता आणि गुप्त मतदान
मान्यताप्राप्त संघटना (मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क असलेली कामगार संघटना) गुप्त मतदानाने ठरते, असा समज आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तसे नाही. अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद होते का, हे औद्योगिक न्यायालय तपासते. पण सभासद असणे म्हणजे पाठिंबा असणे नव्हे; गणपतीची वर्गणी देणारा प्रत्येक जण मंडळाच्या अध्यक्षाचा समर्थक नसतो. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपात असाच पेच उघडा पडला: संपकरी कामगार नेते दत्ता सामंतांमागे, आणि १९४६ च्या वेगळ्या कायद्यानुसार प्रतिनिधी मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही दुसरीच संघटना. सभासद-वर्गणीच्या पावत्या फुगवता येतात, म्हणून मतदान हवे, असे एक पक्ष म्हणतो. एका दिवसाच्या लाटेपेक्षा सहा महिन्यांची वर्गणी भरवशाची, असे दुसरा. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाची पद्धत आखून दिली, तीही महामंडळ आणि संघटना दोघेही राजी होते म्हणून.